पावतीवरचा अंगठा

खरं सांगू का, ही सगळी भानगड ब्रिजिटने केली. तिचा दोष काही नाही, पण केली तिनेच.

किपांगा पार्सल कंपनीला पंचवीस वर्षं झाली म्हणून नैरोबीच्या हेड ऑफिसने फर्मान काढलं. जुन्या लोकांनी नोकरीतली एकेक आठवण सांगायची, त्यांचं पुस्तक निघणार. शिवाय प्रत्येक डेपोने एक शनिवार जवळच्या एखाद्या गावासाठी राबायचं, फुकट. उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं? ही दोन्ही कामं करून घ्यायला ब्रिजिट नेकेसा नावाची पोरगी आमच्या किसुमूच्या डेपोत येऊन बसली. सव्वीस वर्षांची असेल. दिवसभर आपलं चालू, "म्झे मोकाया, एक फोटो," "म्झे मोकाया, जरा इकडे बघा." आमच्याकडे म्झे म्हणजे मानाने हाक मारणं, पण दिवसातून चाळीस वेळा कोणी मान दिला तर डोकं उठतं.

मी नफ्ताली मोकाया. चोवीस वर्षं या कंपनीत, आधी मोटरसायकलवर, मग व्हॅनवर. डिसेंबरात रिटायर. मूळचा किसीचा, डोंगरातला, म्हणून डेपोतले सगळे लुओ, म्हणजे इथले सरोवराकाठचे लोक, मला केळीवाला म्हणतात. मी त्यांना मासळीची मुंडकी म्हणतो. चालतं आमचं.

माझी आठवण कोणती हे कोणी विचारायची गरजच नव्हती. डेपोतल्या मांजरालासुद्धा ती पाठ आहे. वीस वर्षांपूर्वी न्यांडो नदीला मोठा पूर आला होता. रस्ता बुडालेला, कालांगो गाव पलीकडे, आणि माझ्याकडे त्या गावचं एक पाकीट. नर्सिंग कॉलेजचं. बाहेरच लाल शिक्का, नऊ दिवसांत हजर न झाल्यास जागा रद्द. मी मोटरसायकल एका चहाच्या टपरीवर टाकली, पाकीट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून टॉवेलने डोक्याला बांधलं आणि छातीएवढ्या पाण्यातून पलीकडे गेलो. माझ्या शेजारून एक मेलेलं वासरू वाहत गेलं. गोष्ट सांगताना मी त्या वासराचा पाणघोडा करतो. माझा दोस्त ओबुरा, तोही ड्रायव्हरच, तो म्हणतो की तो पाणघोडा दरवर्षी एक वीत वाढतो.

त्या वर्षी कंपनीने मला सर्वोत्तम ड्रायव्हर केलं. पेपरात फोटो आला. माझ्या सासऱ्याने, जो मला तोपर्यंत माणसात धरत नव्हता, त्याने कोंबडी कापली.

तर ही गोष्ट पुस्तकात पहिली घ्यायचं ठरलं. पण ब्रिजिट नुसत्या गोष्टीवर गप्प बसणारी नव्हे. तिने तीन दिवस मागच्या खोलीतले पुठ्ठ्याचे खोके उपसले. गुरुवारी दुपारी धुळीने माखून नाचत बाहेर आली.

"म्झे, बघा काय सापडलं! तुमची ती पावती! खरी! गोष्टीशेजारी हिचा फोटो छापू."

मी चहात मांदाझी, आमचा तळलेला गोड पाव, बुडवत होतो. हात पुसले आणि पावती घेतली. पिवळी पडलेली, कोपरा झुरळांनी खाल्लेला. नाव, रिस्पर अडोयो. गाव, कालांगो. खाली 'कोणाला दिले' या चौकटीत माझ्या अक्षरात एकच शब्द, म्वेन्येवे. आणि त्याच्या शेजारी जांभळ्या शाईचा अंगठा.

मी बघतच राहिलो. मांदाझी चहात विरघळून गेली.

काय आहे, अशी पाकिटं ज्याच्या नावाची त्याच्याच हातात द्यायची, असा कंपनीचा नियम. म्हणून दारात उभं राहून आम्ही सगळे एकच प्रश्न विचारायचो, "म्वेन्येवे?" म्हणजे, तुम्ही स्वतःच का? समोरचा म्हणायचा, "म्वेन्येवे." झालं, दिलं पाकीट, घेतली सही. आता स्वाहिलीत हा शब्द दुतोंडी आहे. स्वतः म्हणजेही म्वेन्येवे आणि मालक म्हणजेही म्वेन्येवे. ज्याचं घर तोही म्वेन्येवेच. ज्याला स्वाहिली येते त्याला बोलण्यावरून कळतं काय विचारलंय ते. पण कालांगोतल्या म्हाताऱ्या बाईला कुठून येणार स्वाहिली? ती बोलणार लुओ, म्वेन्येवे म्हणजे मालक एवढंच कानावरून गेलेलं. आणि मी त्या भागात नवा, किसीचा, मला तेव्हा लुओ भाषेतलं 'पाणी द्या' सोडून काही येत नव्हतं.

आणि म्हातारीच होती ती. एका झटक्यात सगळं डोळ्यांसमोर आलं. डोक्यावर गोणपाट, तोंडात दोन दात. मी विचारलं, "म्वेन्येवे?" तिने छातीवर थाप मारली. "म्वेन्येवे!" असं ठणकावून. मी कुडकुडत होतो, अंधारायच्या आत परत नदी गाठायची होती. शाईची डबी पुढे केली, तिने अंगठा उमटवला.

वीस वर्षं ही गोष्ट सांगतोय मी. लग्नांत सांगितली, मयतीत सांगितली, नव्या पोरांना ट्रेनिंगमध्ये सांगितली. आणि दर वेळी नदी ओलांडली की गोष्ट संपवायचो. टाळ्या तिथेच पडायच्या ना. पाकीट कोणाच्या हातात दिलं, हे कोणी विचारलं नाही आणि मला कधी आठवावंसं वाटलं नाही. अरे, जी पोरगी नर्सिंगला निवडली गेली, जिने बारा वर्षं शाळेत घासली, ती अंगठा देईल का?

"छान आहे ना?" ब्रिजिट म्हणाली. "किती जुनं वाटतं. अंगठा वगैरे!"

"छान आहे," मी म्हणालो.

"आणि अजून एक! शनिवारचं काम आपण कालांगोतच करायचं. हेड ऑफिसला आवडलं. घरांना नंबरच नाहीत तिथे, बाळंतिणीला न्यायला गाडी येते ती तासभर घर शोधत फिरते. आपण प्रत्येक घराला पाटी लावायची. आणि संध्याकाळी शाळेच्या पटांगणात तुम्ही ती गोष्ट सांगायची, त्याच गावात! रडतील लोक, म्झे."

मी पावती तिला परत दिली आणि व्हॅनच्या किल्ल्या उचलल्या.

त्या दुपारी मी टायरच्या दुकानाचं पार्सल औषधाच्या दुकानात देऊन आलो आणि औषधाचं टायरवाल्याला. चोवीस वर्षांत असं झालं नव्हतं. टायरवाला म्हणाला, "मोकाया, मला खोकला झाला हे तुला कोणी सांगितलं?" मी त्याच्यावरच खेकसलो. मग व्हॅन धुतली. स्वच्छच होती, तरी धुतली. मग पुन्हा धुतली.

ओबुराने ओळखलं. "केळीवाल्या, काय झालं? बायकोने हाकललं का?"

मी सांगितलं त्याला. व्हॅनच्या मागे नेऊन, हळू आवाजात, जसा काही मी कोणाचा खून केलाय.

तो डोकं खाजवत राहिला. "अरे, म्हातारी त्याच घरातली ना? आजी असेल. दिलं असेल तिने आत नेऊन पोरीला. तू कशाला नसतं खाजवून काढतोस?"

"आणि दिलं नसेल तर?"

"तर काय? वीस वर्षं झाली. डिसेंबर काढ, पेन्शन घे, घरी जा. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

त्याचं खरं होतं. म्हणूनच तर मला त्याचा राग आला.

घरी केमुंतोला, माझ्या बायकोला, सांगणार नव्हतो. पण सकाळी तिने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "काल संध्याकाळपासून बघतेय, जेवलात ते मोजून चार घास, आणि बसल्या जागी पाय हलवताय. खाई त्याला खवखवे. काय खाल्लंत?" मग सांगावंच लागलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. ती गोष्ट ऐकून ऐकून तिचे कान किटलेत, त्यामुळे नदीपर्यंतचा भाग तिने हातानेच पुढे सरकवला. शेवटी म्हणाली, "त्या पोरीला काय वाटत असेल?"

"म्हणजे?"

"म्हणजे, पत्र आलं नाही तर ती काय समजली असेल? की आपल्याला घेतलं नाही. तेच धरून बसली असेल. आणि तिला घेतलं होतं हे जगात एकट्या तुम्हाला माहीत आहे." एवढं बोलून ती गाईला चारा टाकायला गेली. बाई अशीच आहे. निखारा ठेवते आणि निघून जाते.

शनिवारी आम्ही चौदाजण निघालो. सगळ्यांना जांभळे टी-शर्ट दिले होते, पाठीवर कंपनीचं चिन्ह, ससाणा. माझ्या पोटावर तो शर्ट इतका ताणला गेला होता की समोरचं कंपनीचं नाव वाचायला दोन माणसं लागली असती. ओबुरा गाणी म्हणत होता. मी खिडकीबाहेर बघत होतो. नदीवर आता पक्का पूल आहे. नदी म्हणजे पायाच्या घोट्याएवढं गढूळ पाणी, त्यात बायका कपडे धुताहेत. ब्रिजिटने गाडी थांबवून तिथे माझा फोटो काढला, हात पसरून उभं राहा म्हणाली. राहिलो.

काम मात्र मन लावून केलं, ते सांगायला हवं. ब्रिजिटच्या हातात नकाशा होता आणि तो सपशेल चुकीचा होता. मी आणि ओबुरा पुढे झालो. कुठली वाट कुठे फुटते, कोणत्या घराच्या कुंपणाला मागून वाट आहे, पावसाळ्यात कुठून गाडी रुतते, हे आम्हाला पायांना ठाऊक. दुपारपर्यंत सेहेचाळीस पाट्या लागल्या. एका म्हाताऱ्याने विचारलं, नंबर लावलात म्हणजे आता कर येणार का. ओबुरा म्हणाला, नाही बाबा, फक्त बाळं येतील. म्हातारा म्हणाला, मला आता बाळं कुठली यायला.

सत्तेचाळीसावं घर मला दुरूनच ओळखू आलं. शेराचं उंच कुंपण, कोपऱ्यावर वाकलेली बाभूळ. आता बाहेर रस्त्याकडेला एक पत्र्याची शेड होती आणि शेडखाली एक बाई मोठ्या कढईत मासे तळत होती. चाळिशीच्या आतबाहेरची, दंडांनी भक्कम, डोक्याला हिरवं फडकं.

ओबुराने माझ्याकडे पाहिलं. "मी पुढच्या घरी जातो," म्हणाला आणि सटकला. मासळीचं मुंडकं.

मी रंगाचा डबा आणि पाटी घेऊन पुढे झालो.

"ए बाबा, रंग माझ्या माशांवर उडाला तर तूच सगळे विकत घ्यायचे, आत्ताच सांगते." बाई म्हणाली.

"विकत घेतो ना. एक दे."

"किसीचा दिसतोस. बोलण्यावरून कळलं. तुम्हाला मासा खाता तरी येतो का? काटा अडकला तर मी जबाबदार नाही, केळ्याला काटे नसतात." एवढं म्हणून तिने एक मोठा मासा कागदावर ठेवला आणि बाक पुसून दिला.

मी बसलो. "घर कोणाचं?"

"आता माझं. रिस्पर. आधी आजीचं होतं, तुर्फेनाचं. माझं लग्न झालं होतं, टिकलं नाही, परत इथेच आले. आजी गेली सात वर्षांपूर्वी." ती हसली. "ती असती ना, तर ही पाटी तिने पेटीत कुलूप लावून ठेवली असती. पाटी, कागद, काही दिसलं की पेटीत! पुराच्या वर्षी कोणीतरी तिला एक पाकीट आणून दिलं. पूर आलेल्यांना मका वाटणार होते ना, तिला वाटलं त्याचंच ते. घराच्या मालकिणीच्या हातात दिलंय म्हणायची, आपला मका येणार. आम्हाला दाखवेना. म्हणे, दाखवलं तर अर्धा मागाल. मेली तेव्हा पेटी उघडली, तळाशी सापडलं. वाळवीने पार चाळण केलेली, एक अक्षर वाचता येईना. सगळ्या गावाने मका खाल्ला, आमची आजी पाकीट धरून बसली! आम्ही रडायचं सोडून हसत सुटलो बघ."

माझ्या तोंडातला घास फिरत राहिला.

"काय रे, काटा?"

"नाही," मी म्हणालो. "मग... तू काय केलंस? शिकली होतीस का?"

"तर! शेवटच्या परीक्षेत बी आला होता मला, बी ग्रेड. या गावातल्या शाळेत बी! मास्तर म्हणाले, नर्सिंगला अर्ज कर, तुला नक्की घेणार. मीही त्याच वर्षी एका पत्राची वाट बघत होते. तीन महिने रोज या रस्त्यावर उभी राहायचे. नाही आलं." तिने मासा उलटला. "मास्तरांचं काय, बोलायला काय जातं."

"विचारायला जायचंस कॉलेजात."

"ज्या दारातून नाही म्हटलंय तिथे पुन्हा कोण जातं तोंड वर करून? आणि खरं सांगू, मला वाटलं बरोबरच आहे. आपलं डोकं गावापुरतं." मग जरा थांबून म्हणाली, "माझी लेक आहे वेल्मा, तिलाही बी आला. तिलाही नर्सच व्हायचंय. रोज फोन करून रडते, महिनाअखेर अर्ज बंद होणार म्हणून. मी नाही भरू देत. म्हटलं, बाई गं, आपल्या घराण्यात ते नाही, तीन महिने रस्त्यावर उभं राहायचं काय असतं ते मला विचार. पाठवली सरोवरापलीकडे म्बिताला, मावशीकडे. मासळी वाळवते. लागेल हळूहळू हात."

बोल, नफ्ताली. आता बोल. एवढंच वाक्य माझ्या डोक्यात घण घालत होतं. तोंड उघडलं मी, आणि माझ्या तोंडातून काय आलं असेल?

"मीठ बरोबर पडलंय," मी म्हणालो.

"पडणारच. अठरा वर्षं तेच करतेय."

पाटी लावली, माशाचे पैसे दिले आणि निघालो. पुढच्या वळणावर गेल्यावर स्वतःलाच शिवी हासडली. भित्रा मेला. नदीतून गेलास ते तुला पोहता येत होतं म्हणून गेलास, त्यात कसली आली मर्दुमकी?

चार वाजता शाळेच्या पटांगणात गाव जमलं. गावच्या चीफने भाषण केलं, ते पाऊण तास चाललं, त्यात स्वतःच्या दोन गाई कशा चोरीला गेल्या तेही आलं. मग ब्रिजिटने माईक घेतला आणि माझं असं काही कौतुक केलं की मला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं. टाळ्या पडल्या. मी उठलो.

सुरुवात तर आपोआप झाली. वीस वर्षांची सवय, तोंड आपलं आपण चालतं. पाऊस, टपरी, टॉवेल. लोक पुढे सरकून ऐकायला लागले. मी नदीत उतरलो, पाणघोडा आला, तो जबडा उघडून माझ्याकडे बघतोय, पोरं खिदळायला लागली. तेवढ्यात मला ती दिसली. माणसांच्या कडेला उभी, डोक्यावर माशांचं घमेलं, गर्दी आहे म्हणून विकायला आलेली. सगळ्यांत मोठ्याने तीच हसत होती.

मी थांबलो.

"पाणघोडा नव्हता," मी म्हणालो. "मेलेलं वासरू होतं."

लोक आणखीनच हसले. ओबुरा पहिल्या रांगेत होता, त्याला कळलं. त्याने मान हलवली, नको, नको.

"हसू नका. पुढचं ऐका, पुढचं मी कधी सांगितलेलं नाही. पलीकडे गेलो, पाकीट द्यायला घर शोधलं. एक म्हातारी बाहेर आली. मी विचारलं, म्वेन्येवे? मला विचारायचं होतं, पाकिटावर नाव आहे ती तूच का. तिला वाटलं, घर कोणाचं विचारतोय. ती म्हणाली, म्वेन्येवे. मला लुओ येत नव्हती, तिला स्वाहिली येत नव्हती. पोरगी कुठे आहे, एवढंसुद्धा मी विचारलं नाही. थंडी वाजत होती, घरी जायची घाई होती. अंगठा घेतला आणि पळालो. त्याबद्दल मला बक्षीस मिळालं. पाकिटावर नाव होतं रिस्पर अडोयो."

ब्रिजिट फोनवर चित्रण करत होती, तिचा हात हळूहळू खाली आला. चीफ शेजारच्याला विचारत होता, काय म्हणाला, कोणाचं नाव घेतलं.

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली, शहाण्यासारखी, काय प्रामाणिक माणूस म्हणून. आणखी दोघांनी सुरू केलं.

"टाळ्या कोण वाजवतंय रे?" रिस्पर ओरडली. "कोणाच्या बापाचं लग्न आहे इथे?"

टाळ्या बंद. तिने घमेलं उतरवून जमिनीवर ठेवलं आणि माणसांमधून पुढे आली. लोक बाजूला होत गेले. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तू माझा मासा खाल्लास," ती म्हणाली. "बसून. माझ्यासमोर. आणि मीठ बरोबर आहे म्हणालास."

"हो."

"पाकिटात काय होतं?"

"उघडलं नव्हतं मी. पण बाहेर लाल शिक्का होता, नऊ दिवसांत हजर व्हा म्हणून. नाही म्हणायला कॉलेज कुरियरचा खर्च करत नाही, बाई. नकार साध्या टपालाने जातो किंवा जातच नाही. त्या आठवड्यात माझ्याकडे अशी अकरा पाकिटं होती. त्यातल्या दोघी आज किसुमूच्या दवाखान्यात नर्स आहेत, मी पार्सल देतो त्यांना."

"म्हणजे?"

"म्हणजे तुला घेतलं होतं."

तिचा चेहरा तसाच राहिला. "पुन्हा सांग."

"तुला घेतलं होतं."

"त्यात सांग." तिने माईककडे बोट दाखवलं.

मी माईक तोंडाशी धरला. आवाज फाटला माझा. "रिस्पर अडोयोला घेतलं होतं!" पटांगणाच्या टोकाला भिंतीवर आपटून ते परत आलं. मागे एक म्हातारा उठून उभा राहिला, काठी टेकत. तिचा मास्तर असावा, कारण तो सगळ्यांना सांगत सुटला, "मी म्हटलं होतं, मी तेव्हाच म्हटलं होतं."

रिस्परने हात कमरेच्या फडक्याला पुसले. एकदा, दोनदा, मग पुन्हा, हात केव्हाच स्वच्छ झाले होते तरी. मग कनवटीतून फोन काढला. जुना, काच फुटलेला, त्यात कानाला लावून ऐकू येत नव्हतं म्हणून ती स्पीकरवरच बोलायची.

पलीकडून पोरीचा आवाज आला. "आई? या वेळेला? कोण मेलं का?"

"कोणी मेलं नाही."

"मग काय झालं? आई? तू रडतेस का?"

"मी नापास नव्हते गं," रिस्पर म्हणाली. "वेल्मा, मला घेतलं होतं. पत्र आलं होतं, मला मिळालंच नाही. मला घेतलं होतं."

फोनमधून नुसता वारा ऐकू येत होता, सरोवराकाठचा. अख्खं पटांगण त्या फोनकडे बघत होतं. मला वाटलं, पोरगी आनंदाने ओरडेल.

"मग मला का थांबवलंस?" वेल्मा म्हणाली.

इतका वेळ ताठ उभी असलेली बाई एकदम खाली बसली, त्या धुळीत, आणि फोन तसाच हातात धरून राहिली. "सांग ना," पोरगी पलीकडून म्हणत होती, "आई, सांग ना."

मी गुडघ्यावर बसलो आणि हात पुढे केला. तिने फडक्याच्या टोकाने डोळे पुसले. मग फोन दिला.

"बाळा," मी म्हणालो, "तिला काही विचारू नकोस. सोमवारी सकाळच्या पहिल्या बोटीत बस. काठावर मी गाडी घेऊन उभा असेन. तिथून तुला सरळ कॉलेजात नेतो, अर्ज तू तुझ्या हाताने द्यायचा, खिडकीतल्या माणसाच्या हातात."

"तुम्ही कोण?"

"तुझ्या आईचं पत्र ज्याने चुकवलं तो," मी म्हणालो.